सोसायटीत बीपी-शुगर तपासणी भरवताय? मंडपाच्या आधी वही घ्या

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत पहिलं आरोग्य शिबिर झालं तेव्हा बॅनर मोठा होता, पोहे झकास झाले होते, फोटो तर विचारूच नका. महिन्याभराने दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना जिन्यात विचारलं, "काका, तुमचं बीपी जास्त निघालं होतं ना? डॉक्टरांना दाखवलंत?" काका म्हणाले, "अरे, ती चिठ्ठी पँटच्या खिशात होती, पँट गेली धुवायला." त्या दिवशी कोणाकोणाचं जास्त निघालं याची दुसरी नोंद कोणाकडेच नव्हती. पुढच्या वर्षी आम्ही बॅनर छापला नाही, जाड पुठ्ठ्याची वही आणली. बीपी आणि मधुमेह वर्षानुवर्षं काही दुखू न देता आत बसून राहतात, म्हणून तपासणी करायची. पण आकडा कळूनही माणूस घरीच बसणार असेल तर त्या सकाळी नुसते पोहेच झाले म्हणायचे.

आधी दिवस ठरवा. उपाशीपोटी शुगर बघायची तर किमान आठ तास पोटात काही गेलेलं नको, म्हणून सकाळी सात ते साडेनऊ. रविवारी त्याहून उशीर केलात तर निम्मी मंडळी मिसळीला निघून गेलेली असतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत जाणाऱ्यांची सुट्टी आणि पाळी विचारून घ्या. रात्रपाळी करून आलेल्याने पहाटे डबा खाल्लेला असतो, त्याची शुगर उपाशीपोटीची म्हणून लिहू नका. आणखी एक गोष्ट आदल्या दिवशी ग्रुपवर ठळक टाका: बीपीची गोळी रोजच्यासारखी घ्यायची. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र औषध घेऊन उपाशी रांगेत उभं राहायचं नाही. त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, किंवा खाऊन यावं आणि तसं सांगावं.

मग वस्तीतल्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईंना, भेटा. खासगी लॅबवाल्याला फोन करण्याआधी महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, मधुमेह, तसंच तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. २०१० साली सुरू झालेला हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताईंकडे एक फॉर्म असतो. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरात कोणाला हे आजार आहेत का, यावर गुण देतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीत आधी घ्यायचं. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. टेप शिवणाच्या डब्यातला चालतो, फक्त पोट आत ओढून धरू देऊ नका. बायकांच्या तपासण्यांसाठी मंडपात नाही, आरोग्य केंद्रातच जायचं. तिथे चौघीजणी मिळून जातात, एकटीला सांगितलं की ते राहून जातं.

वहीचे रकाने. नाव, फ्लॅट, वय, आधीपासून औषध चालू आहे का, आज घेतलं का, बीपी दोनदा, शुगर, शेवटचं कधी खाल्लं. आणि उजवीकडे दोन रकाने मोकळे: "कुठे पाठवलं" आणि "जाऊन आले, तारीख". वही एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. कोणाचा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर जाता कामा नये. ज्यांच्या घरात लग्नाचं बघणं चालू आहे त्यांना विचारा, का ते सांगतील.

बीपी मोजताना घाई नको. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माणूस चार जिने उतरून येतो, खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पट्टा बांधला जातो, वर शेजारीण विचारते, "काय गं, मुलीचं काय झालं?" मग आकडा चढणारच. आधी पाच मिनिटं शांत बसवा. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. लघवी लागली असेल तर जाऊन यायला सांगा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नाही, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, शर्टाच्या बाहीवरून नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्याने आकडा फुगतो. मोजताना कोणीही बोलायचं नाही. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

शुगरला हात धुवायला लावा. गेल्या फेब्रुवारीत एका वहिनींची शुगर एकदम २६० आली. त्या रडवेल्या झाल्या. सिस्टरने विचारलं, "आत्ता हाताने काय केलंत?" गावाहून द्राक्षांची पेटी आली होती, वहिनी घड निवडून आल्या होत्या. साबणाने हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटातून घेतली तर ११२! स्पिरिटचा बोळा फिरवून हा गोडवा पुरता जात नाही, पाणी आणि साबणच हवा. टोचायचं काम नर्स किंवा लॅब तंत्रज्ञाने करावं, दर माणसाला नवी सुई, वापरलेली सुई जाड डब्यात. स्ट्रिपची तारीख बघा आणि बाटली उन्हात ठेवू नका.

आकडा सांगताना निदान सांगू नका, ते डॉक्टरांचं काम. बीपी १४०/९० किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. १८०/११० किंवा वर असेल तर त्याच दिवशी. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर थेट १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा वर, किंवा कधीही २०० च्या वर दिसली तर लॅबमध्ये रक्त देऊन खात्री करायची. ७० च्या खाली आली तर आधी साखरपाणी, मग बाकीचं. फॅमिली डॉक्टर नसेल त्यांना डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, नाशिकरोडचं बिटको किंवा सिव्हिल, जे घरून जवळ पडेल ते वहीत लिहून द्या.

मीठ-तेलाचं भाषण आम्ही बंद केलं. एका ताटलीत पाच ग्रॅम मीठ ठेवतो, म्हणजे सपाट चमचाभर. एका माणसाला दिवसभरासाठी एवढ्याच्या आत, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. बायका ताटली बघून एकमेकींकडे बघतात, तेवढं पुरतं. चालायला जॉगिंग ट्रॅकवर ओळखीचा गट मिळाला तर माणूस टिकतो. आठवड्याला दीडशे मिनिटं झाली पाहिजेत, गप्पा मारत रेंगाळणं धरायचं नाही.

पंधरा दिवसांनी वही उघडा. प्रत्येक विंगेत एकजण नेमा. त्याने घरी जाऊन एवढंच विचारायचं, "जाऊन आलात का?" फोनवर सगळे "हो हो" म्हणतात, दारात मात्र कागद दाखवतात. औषध सुरू झालेल्यांना महिन्याने पुन्हा विचारा, कारण बरं वाटलं की गोळी बंद करणारे फार. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या दारी आमचा मुलगा तीनदा गेला. तिसऱ्या खेपेला काकूंनीच केसपेपर आणून हातात दिला, आणि म्हणाल्या, "आता माझंही नाव लिही."