स्नोबोर्डची पहिली उडी: किकरच्या चढावर ब्रेक मारू नका

दोन्ही एजवर (बोर्डाच्या कडांवर) वळणं जमतात, हवं तिथे थांबता येतं आणि बेस (बोर्डाचा तळ) सपाट ठेवून सरळ जाताना बोर्ड डगमगत नाही, एवढं येत असेल तरच किकरकडे, म्हणजे उडीसाठी रचलेल्या बर्फाच्या चढाकडे, वळा. सरळ जाताना अजूनही एज अडकून आपटत असाल, तर आधी तेवढंच घोटा. त्यात कमीपणा काही नाही. किकरवर जे बिघडतं ते बहुतेक वेळा हवेत बिघडत नाही, त्याआधीच्या सरळ पट्ट्यात बिघडतं.

ऑली, म्हणजे चढाशिवाय बोर्डासकट मारलेली उसळी, मंद उतारावर शिकून घ्या. वजन मागच्या पायावर न्यायचं, पुढचा पाय उचलायचा, टेल (बोर्डाचं मागचं टोक) वाकते आणि सरळ होताना तुम्हाला वर फेकते. मग मागचा गुडघा वर ओढून बोर्ड हवेत सपाट करायचा. ही युक्ती अ‍ॅलन गेलफंडने १९७० च्या दशकात स्केटबोर्डवर आणली. तिथे पाय मोकळे असतात, आपले बाइंडिंगमध्ये (बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीत) बांधलेले, म्हणून सगळी उसळी टेलमधूनच काढावी लागते. ताठ बोर्ड नवख्याच्या वजनाला वाकत नाही, मऊ फ्लेक्सचा घ्या.

पण छोट्या किकरवरून सरळ उडी मारताना ऑलीची सवय तशीच नेऊ नका. तिथे वर फेकण्याचं काम चढ करतो. तुम्ही घोटे आणि गुडघे वाकवून यायचं आणि लिपपाशी, म्हणजे चढाच्या वरच्या टोकापाशी, दोन्ही पायांवर सारखा जोर देऊन उभं राहायचं. मागे झुकलात की टेल आधी टेकते आणि पाठोपाठ माकडहाड.

आता खरा सापळा. मी सगळ्यात जास्त काळ अडकले ती जागा हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

किकर जवळ येतो, चढ डोळ्यांसमोर उभा राहतो आणि वेग एकदम जास्त वाटायला लागतो. तुम्ही काही ठरवत नाही, टाचाच आपोआप दाबल्या जातात. हील एज बर्फात घुसते, बोर्ड किंचित आडवा होतो. उतारावर हे चालून जातं, वेग कमी होतो आणि आपण सावरतो. चढावर मात्र एकाच क्षणी तीन गोष्टी होतात. वेग तुटतो, त्यामुळे तुम्ही उतरत्या लँडिंगपर्यंत पोचत नाही. टेबलवर (लिप आणि लँडिंगमधल्या सपाट भागावर) किंवा नकलवर (लँडिंगचा उतार सुरू होतो त्या कडेवर) आदळता आणि तो दणका सगळा गुडघ्यांत जातो. वजन टाचांवर गेल्यामुळे अंग मागे कलतं. आणि बोर्ड आडवा होताना कमरेला जो पीळ बसतो तो लिप सुटल्यावरही फिरतच राहतो, कारण हवेत ज्याला रेटा देऊन थांबावं असं काहीच नसतं. मग हात गरागरा फिरायला लागतात. पायांखाली ३० सेंटिमीटर हवा मिळाली, तर वर जाऊन तेवढंच खाली येईपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात काही दुरुस्त होत नाही. जे करायचं ते लिपच्या आधी झालेलं असावं लागतं.

‘घाबरू नकोस’ हा यावरचा उपाय नाही. उपाय असा, की वेगाचा निर्णय चढावर घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही. आधी किकरच्या बाजूने, उडी न मारता, सरळ खाली जाऊन बघा. आपल्यासारख्याच आकाराचा किकर मारणारे कुठून निघतात ते पाहा. तिथून निघा, एज न दाबता सरळ या. वेग जास्त वाटला तर चढ सुरू होण्याच्या बराच आधी बाजूला निघून जा आणि पुढच्या खेपेला जरा खालून निघा. बाजूला निघून जाणं ही पडती बाजू मुळीच नाही, तेच शिकणं आहे. दुपारी बर्फ ओला झाला की सकाळचा अंदाज चालत नाही, वेग पुन्हा तपासायचा.

आपण ब्रेक मारतोय हे बऱ्याच जणांना कळतच नाही. ते बर्फ सांगतो. उडी झाल्यावर कडेकडेने वर चालत या आणि चढावरचा आपला ताजा माग बघा. बोर्डाच्या रुंदीचा सपाट, गुळगुळीत पट्टा दिसला तर बेस नीट होता. एकच बारीक, खोल रेघ म्हणजे तुम्ही एजवर होता. आणि पंख्यासारखा खरवडलेला बर्फ, त्याच्या कडेला भुरभुरीत ढीग, हा टाचांचा ब्रेक. कुणाच्याही व्हिडिओपेक्षा हा माग जास्त शिकवतो, असं माझं ठाम मत आहे. फक्त चढावर किंवा लँडिंगवर उभं राहून बघू नका. वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता.

मित्रांबद्दलही एक मत आहे. ‘वेग घे, बाकी आपोआप होतं’ म्हणणारा मित्र उत्तम बोर्डर असेल, पण त्याला स्वतःची पहिली उडी आठवत नाही. त्याच्या सांगण्यावरून मोठ्या किकरवर अजिबात जाऊ नका. बाजूला उभं राहून फक्त तुमचे खांदे बघणारा प्रशिक्षक मिळाला तर एखादा धडा पैसे देऊन घ्याच. खांदे बोर्डाच्या रेषेत आहेत का, हे स्वतःला दिसत नाही. सुरुवातीलाच १८० (हवेत अर्धी गिरकी) शिकवू पाहणाऱ्यापासून लांब राहा.

हेल्मेट तर हवंच, पण मनगटाचे गार्डही घाला. नवख्या स्नोबोर्डरच्या दुखापतींत मनगट फार वेळा सापडतं, आणि गार्डने तो धोका खरंच कमी होतो. पडताना मुठी मिटा, पंजा टेकवू नका.

भीती लगेच जात नाही आणि तिने जायची गरजही नाही. सपाट माग सलग उमटायला लागला की उतरणं आपसूक हलकं होतं: दोन्ही पाय एकदम टेकतात, गुडघे दणका गिळतात, हात शांत असतात. मगच ग्रॅबचा, म्हणजे हवेत हाताने बोर्ड धरण्याचा, विचार करा. पहिली ग्रॅब इंडी ठेवा, मागच्या हाताने, टो एजवर (पायाच्या बोटांकडच्या कडेवर), दोन बाइंडिंगच्या मधे. हात खाली नेऊ नका, गुडघे वर आणा.