आजीच्या खिडक्या पुन्हा उघडल्या

अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या घरातल्या ४ सागवानी खिडक्या पावसाळ्यात फुगायच्या, उन्हाळ्यात खडखडायच्या. नव्या स्लायडिंग खिडक्यांचा खर्च झेपणारा नव्हता आणि सागवान काढून टाकायला मन होईना.

काम दिवाळीनंतर काढलं. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड रंधलं की चैत्रात फटी पडतात, म्हणून थांबलो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासलं नाही. वॉटर पेपर ओला करून, तोंडाला मास्क लावून घासलं आणि लेकरांना तिकडं फिरकू दिलं नाही.

खरी गंमत लांबीची, म्हणजे काच पक्की बसवायच्या पुट्टीची. काचांभोवतीची जुनी लांबी तडकून गळाली होती. खडूच्या पावडरीत जवसाचं तेल घालून कणकेसारखं मळलं आणि काचेच्या कडेनं अंगठ्यानं दाबत गेलो. रंग मात्र लगेच देऊ नका. वरची साय घट्ट व्हायला २ आठवडे तरी लागतात. मी तर ३ आठवडे थांबलो. बिजागऱ्यांना तेल दिलं, गंजलेले स्क्रू बदलले.

मग प्रायमर आणि मोरपंखी ऑइलपेंटचे २ पातळ हात. पडदे आजीच्या विरलेल्या इरकली लुगड्याचे, काठ खाली ठेवून आईनं शिवले. मजुरी घरचीच, सामानाला साधारण १,४०० रुपये लागले.

आता सकाळी ऊन त्या लाल काठातून गाळून येतं, आणि आई चहा घेऊन तिथंच बसते.