पॉवर बीआयमध्ये रंग एकदाच ठरवा, प्रत्येक रिपोर्टात वापरा

रत्नागिरीत आंबा आणि मासळीच्या व्यापाऱ्यांचे रिपोर्ट मी पॉवर बीआयमध्ये, म्हणजे आकड्यांचे चार्ट बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, बरीच वर्षं करते आहे. नवीन मुलांना सर्रास सांगितलं जातं, "मोअर कलर्समध्ये जा, हवा तो रंग उचल." हे अजिबात ऐकू नका. का, ते पुढे येईलच.

आधी कागद घ्या. हापूस पिवळा, काजू तपकिरी, बांगडा निळा, सुरमई हिरवी, आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या दिवसांना राखाडी. प्रत्येक रंगापुढे लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले आकडे लिहा. डोळ्याच्या अंदाजाने निवडलेला पिवळा दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच सापडत नाही.

हे रंग आता थीममध्ये, म्हणजे रिपोर्टच्या ठरलेल्या रंगसंचात, भरायचे. व्ह्यू टॅब, थीम्सचा बाण, कस्टमाइझ करंट थीम. नेम अँड कलर्समध्ये थीमला नाव द्या, आठ खणांपैकी पहिल्या पाचांत कागदावरच्या क्रमाने आकडे भरा, अप्लाय करा. पाच मिनिटांचं काम.

खरी मेख पुढे आहे. चार्टला रंग देताना जी चौकट उघडते, तिच्यात वर थीमचे रंग असतात आणि खाली मोअर कलर्स. दोन्हींकडून उचललेला पिवळा पडद्यावर अगदी सारखा दिसतो. पण वरून घेतलात तर चार्ट "खण 1" लक्षात ठेवतो, आणि खालून घेतलात तर नुसता आकडा. पुढे थीम बदलली की पहिला बदलतो, दुसरा जागचा हलत नाही.

एका आंब्याच्या हंगामात मी हे भोगलं आहे. व्यापाऱ्याने पेटीवरचा पिवळा बदलला आणि रिपोर्टही तसाच मागितला. मी थीम बदलली, तर निम्मे चार्ट नवे आणि निम्मे जुने! कोणता कुठून रंगवला ते बघून कळत नाही, त्यामुळे एकेक उघडत बसले. त्यात वीज गेली. सकाळी रिपोर्ट गेला, पण तसाच, दोन पिवळ्यांसकट.

तुमचंही असं झालं असेल तर त्या चार्टच्या फॉरमॅट पॅनमध्ये (चार्टचं रूप बदलायच्या पट्टीत) रंगाच्या भागात जाऊन रिसेट टू डिफॉल्ट करा, आणि मग वरच्या ओळीतून रंग द्या. दुसरा भरवशाचा मार्ग मला सापडलेला नाही.

दुसरी सूचना तितकीच महत्त्वाची. खणांचा क्रम कधीही बदलू नका. खण 3 आणि 4 ची अदलाबदल केलीत तर बांगडा आणि सुरमईचे रंग सगळ्या पानांवर उलटे होतील. नवा रंग हवा असेल तर रिकामा ठेवलेला शेवटचा खण वापरा. खणांना "हापूस", "बांगडा" अशी नावं देता येत नाहीत, म्हणून तो कागद जपून ठेवा.

आणि क्रमाबद्दलच आणखी एक. चार्ट आपणहून रंग वाटतो तो खणांच्या ओळीने. माशाचं नाव त्याला कळत नाही. बांगडा निळाच हवा असेल तर चार्टमधल्या त्याच्या पट्ट्यांना किंवा रेषेला निळा खण हाताने द्या.

शेवटी सेव्ह करंट थीम करून थीमची जेसन (JSON) फाइल ठेवा. दुसऱ्या रिपोर्टात ब्राउझ फॉर थीम्समधून ती उघडा. पुढे फाइल सुधारलीत तर जुन्या रिपोर्टांपर्यंत ती सुधारणा आपोआप पोचत नाही. प्रत्येकात पुन्हा उघडावी लागते.