व्हीसीपीयूची स्टेट भरताना या चुका टाळा

केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) स्वतःचा छोटा हायपरवायझर, म्हणजे अशी मशीन चालवणारा प्रोग्राम, लिहिणारी मुलं शनिवारी ठाण्यात माझ्याकडे येतात. व्हीसीपीयू म्हणजे त्या मशीनचा व्हर्च्युअल प्रोसेसर, आणि स्टेट म्हणजे त्याच्या रजिस्टरांमधली मूल्यं. बहुतेकांची तक्रार एकच: "दादा, रन मारलं की लगेच बाहेर पडतंय." मी आधी विचारतो, एसरेग्स (सेगमेंट, कंट्रोल वगैरे खास रजिस्टरांचं स्ट्रक्चर) कुठून आणलेस?

उत्तर ठरलेलं. मेमसेटने स्ट्रक्चर शून्य केलं, सीएस (कोड सेगमेंट) तेवढा भरला, सेट केलं. चार ओळी वाचतात ना! पण त्याच स्ट्रक्चरमध्ये टीआर, म्हणजे टास्क रजिस्टर असतो. इंटेलला तो प्रेझेंट आणि बिझी टीएसएस (टास्क स्टेट सेगमेंट) प्रकारचाच लागतो. शून्य दिलात तर प्रोसेसर गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, शिरतच नाही.

मागच्या पावसाळ्यात कळव्याच्या एका मुलाचा कोड घरच्या एएमडी लॅपटॉपवर व्यवस्थित चालायचा आणि महापेच्या ऑफिसातल्या इंटेल मशीनवर पहिल्याच धावेत पडायचा. दोन रात्री त्याने पेजटेबलं (मेमरीचे पत्ते जुळवणारी टेबलं) उसवली, कर्नल बदलला, बायोसमध्येही शिरला. शेवटी घणसोलीला उतरून, रिक्षा करून मी तिथे गेलो. एक्झिट रीझन होतं फेल एंट्री आणि सोबत हार्डवेअरचा कोड, हेक्समध्ये ८०००००२१. सगळ्यात वरचा बिट सांगतो की एंट्री फसली. खालचे २१ म्हणजे दशमानात ३३, गेस्ट स्टेट अवैध. पहिल्या रात्रीपासून हे स्क्रीनवर होतं, त्याने वाचलंच नव्हतं. एएमडीचं व्हीएमरन (गेस्टमध्ये शिरायची सूचना) टीआरची ही तपासणी करत नाही, म्हणून घरी चूक झाकली गेली होती. आकडा न वाचता कोड बदलत सुटणं मला अजिबात पटत नाही.

माझी सवय अशी: आधी गेट-एसरेग्सने केव्हीएमकडची आताची मूल्यं घ्यायची, मग हवी तेवढीच फील्ड बदलायची, मग सेट. आधीची आणि नंतरची स्टेट फाइलमध्ये छापून डिफ लावतो. कंटाळवाणं आहे, पण त्या मुलाची चूक त्यातच पाच मिनिटांत सापडली.

थेट लाँग मोडमध्ये (६४-बिट मोड) उतरायचं तर पीई, पीजी, पीएई, एलएमई या मोड ठरवणाऱ्या बिटांसोबत एलएमए, म्हणजे लाँग मोड चालू असल्याचा बिट, तोही स्वतः लावा. खऱ्या प्रोसेसरवर पेजिंग सुरू झालं की तो आपोआप लागतो, म्हणून सगळे विसरतात. इथे केव्हीएम इनव्हॅलिड आर्ग्युमेंट म्हणून परत पाठवतं. सीएसमध्ये एल (६४-बिट कोडचा बिट) १, डी (३२-बिट कोडचा बिट) ०. दोन्ही १ कधीच नको.

सीपीयूआयडी (गेस्टला दिसणाऱ्या प्रोसेसरच्या सोयींची यादी) आधी, एसरेग्स नंतर. सीआर४ या कंट्रोल रजिस्टरमधले काही बिट सीपीयूआयडी बघूनच मान्य होतात.

आरफ्लॅग्जचा (फ्लॅग रजिस्टर) क्रमांक १ चा बिट कायम १. आजचं केव्हीएम तो स्वतः लावतं. व्हीएमसीएस (गेस्टची स्टेट ठेवणारं इंटेलचं स्ट्रक्चर) केव्हीएमशिवाय हाताने भरत असाल तर तुम्हालाच लावायचा आहे.

व्हीसीपीयू ज्या थ्रेडने बनवला, त्याचे आयऑक्टल (कर्नलला द्यायचे आदेश) त्याच थ्रेडवरून.

आणि एक्झिट शटडाउन आला, तर वरचं सगळं पुन्हा चाळत बसू नका. एंट्री झालेली आहे, गेस्ट आत जाऊन ट्रिपल फॉल्टने (चूक हाताळतानाच पुन्हा पुन्हा चूक) पडलाय. आता मात्र पेजटेबल आणि आयडीटी (इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडच्या पत्त्यांचं टेबल) उघडा.