जमिनीच्या कागदात 'पार्टिशन' शब्द आला की तो कसा वाचायचा

पार्टिशन हा शब्द आपण कुठेही वापरतो, हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकलं, लॅपटॉपच्या डिस्कची दोन पार्टिशन केली, 1947 ची पार्टिशन म्हणजे फाळणी, आणि यात कुणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो घरच्या जमिनीच्या कागदात, कारण तिथे "आमचं पार्टिशन झालंय" असं सांगणाऱ्या पाच माणसांच्या मनात पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यात नुकसान बहुतेक वेळा बहिणींचं होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी शब्दाच्या शेजारी काय आहे ते बघा. पार्टिशन डीड म्हणजे वाटणीपत्र, सगळ्या हिस्सेदारांनी आपसात ठरवून सह्या केलेलं, आणि जमीन किंवा घर असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करायचं असतं, नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून कपाटात ठेवलेल्या वाटणीपत्राच्या भरवशावर राहू नका. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये माफ केली, त्यामुळे खर्च वाचवायला रजिस्टर केलं नाही हे कारण आता उरलं नाही. पार्टिशन सूट म्हणजे कोर्टातला वाटपाचा दावा. आणि तलाठी किंवा तहसीलमध्ये "85 चं वाटप" असं ऐकाल, ते जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 85 खालचं, तहसीलदारांकडे अर्ज करून होणारं, शेतजमिनीपुरतं, आणि तिथे हिस्सेदारांमध्ये हिस्स्यावरून किंवा हक्कावरून वाद असेल तर शेवटी दिवाणी कोर्टातच जावं लागतं.

'अनडिव्हायडेड शेअर' दिसलं तर समजा की वाटणी झालेली नाही. म्हणजे तुमचा 1/4 हिस्सा आहे हे खरं, पण तो विहिरीकडचा की रस्त्याकडचा हे कुणीच सांगू शकत नाही. असा हिस्सा कुणी विकायला आला आणि बोट दाखवून "हा तुकडा माझा" म्हणाला तर तिथेच थांबा. याच्या उलट 'बाय मीट्स अँड बाउंड्स' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हद्दी ठरवून, चतुःसीमा (चारही बाजूंना काय आहे ते) टाकून, जागेवर वेगळं करून दिलेलं.

हेच सातबारावर पण कळतं, इंग्रजी नको. भोगवटादारांच्या नावांखाली 'सामाईक क्षेत्र' अशी ओळ असेल तर जमीन सगळ्यांची एकत्र. प्रत्येक नावासमोर वेगळं क्षेत्र आणि आकार (म्हणजे शेतसारा) असेल तर हिस्से कागदावर वेगळे झालेत, पण गट नंबर एकच असेल आणि पोटहिस्सा (गटाचा वेगळा मोजलेला भाग) पडलेला नसेल तर बांध कुठे हे अजून ठरायचंय, त्यासाठी भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी लागते. नावाजवळ कंसात जो नंबर असतो तो फेरफाराचा, म्हणजे नाव कशामुळे बदललं त्या नोंदीचा, तो फेरफार काढून वाचा, त्यात 'वारस' लिहिलंय की 'वाटप' ते बघा. वडील गेल्यावर नावं लागली ती वारस नोंद, तिला वाटणी म्हणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 6 मध्ये 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्याच कलमात पार्टिशन म्हणजे काय हे पण लिहून ठेवलंय, रजिस्टर वाटणीपत्र किंवा कोर्टाच्या डिक्रीने (हुकूमनाम्याने) झालेली वाटणी. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या वाटण्यांना ही दुरुस्ती धक्का लावत नाही, म्हणून मग "आमची तोंडी वाटणी कधीच झालीये" असं बहिणीला सांगितलं जातं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की नुसती तोंडी वाटणीची गोष्ट चालणार नाही, अपवाद म्हणून मानायची तर सरकारी कागदांचा भक्कम पुरावा पाहिजे. तेव्हा ताई, कुणी असं म्हणालं तर वाद घालत बसू नका, फेरफाराची नक्कल मागा.

आणि सही करायला समोर आलेल्या कागदाचं शीर्षक वाचा. वर रिलीज डीड किंवा हक्कसोडपत्र असेल तर तुम्ही हिस्सा घेत नाही, सोडताय. तोंडाने भाऊ "वाटणीचे पेपर" म्हणत असला तरी. वाटणीपत्रात तुमच्या नावापुढे गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा असलं पाहिजे, ते नसेल तर सही नको.

कोर्टातून आलेला कागद असेल तर प्रिलिमिनरी डिक्री आहे की फायनल ते बघा. प्रिलिमिनरीत फक्त कुणाचा किती हिस्सा हे ठरतं. शेतसारा भरणारी जमीन असेल तर प्रत्यक्ष वाटप कलेक्टरमार्फत होतं, मोजणी आणि ताबा त्यानंतर, त्यामुळे प्रिलिमिनरी हातात आली म्हणून फाईल बंद करून ठेवू नका, पुढच्या कामाचं वकिलांना त्याच आठवड्यात विचारा.