ऑपरेटर स्प्लिटिंगचं कन्व्हर्जन्स शिकायचंय? आधी कागदावर दोन रेषा काढा

ऑपरेटर स्प्लिटिंग म्हणजे अवघड प्रॉब्लेमचे सोपे तुकडे करून ते आलटून-पालटून सोडवणं, आणि कन्व्हर्जन्स म्हणजे तसं करत उत्तरापाशी पोहोचणं. हा विषय कुठून सुरू करू असं विचारणारे बरेचसे जण आधीच एडीएमएमचा (अल्टरनेटिंग डायरेक्शन मेथड ऑफ मल्टिप्लायर्स, अशीच एक पद्धत) कोड चालवून बसलेले असतात. कोड चालवायला हरकत नाही, पण तो कन्व्हर्ज का होतो हे त्या अपडेट्सकडे बघत बसून कळत नाही, तिथे मल्टिप्लायर, पेनल्टी असा इतका पसारा असतो की मूळ गोष्ट दिसतच नाही. मूळ गोष्ट एवढीच, की प्रत्येक पद्धत म्हणजे एक मॅप आणि आपण त्याचा फिक्स्ड पॉइंट, म्हणजे मॅप लावल्यावर जागचा न हलणारा पॉइंट, शोधतोय.

मॅप नुसता नॉनएक्स्पान्सिव्ह (दोन पॉइंटमधलं अंतर न वाढवणारा) असून भागत नाही हं. एक्सला उणे एक्सवर नेणारा मॅप घ्या. फिक्स्ड पॉइंट आहे, शून्य, तरी इटरेशन जन्मभर इकडून तिकडे उड्या मारत राहतं. त्याची आयडेंटिटीशी (पॉइंट आहे तिथेच ठेवणारा मॅप) अर्धी-अर्धी सरासरी काढली की एका स्टेपमध्ये शून्यावर! नॉनएक्स्पान्सिव्ह मॅपची अशी सरासरी काढली की इटरेशन फिक्स्ड पॉइंटकडे (तो असला तर) जातंच, असं सांगणाऱ्या क्रास्नोसेल्स्की-मान थिअरमचा जीव या सरासरीतच आहे, आणि माझ्या मते सुरुवातीला एवढा एकच प्रूफ स्वतः लिहून काढला तरी पुढचे निम्मे पेपर वाचता येतात.

मग डग्लस-रॅचफर्ड ही स्प्लिटिंगची पद्धत. मूळ पद्धत 1956 ची, उष्णतेच्या समीकरणासाठी, मोनोटोन ऑपरेटर्सपर्यंत (वाढत्या फंक्शनचं व्यापक रूप) ती 1979 मध्ये लायन्स आणि मर्सिए यांनी आणली. कागदावर ओरिजिनमधून जाणाऱ्या दोन रेषा काढा, मधला कोन थीटा, शोधायचाय तो दोन्हींवर असलेला पॉइंट. एकीत रिफ्लेक्ट करा, मग दुसरीत, झालं दोन थीटाचं रोटेशन, त्याची आयडेंटिटीशी सरासरी काढली की उरतं थीटाचं रोटेशन गुणिले कॉस थीटा. म्हणजे पॉइंट गोल गोल फिरत आत येतो. कोन 60 अंश असेल तर दर स्टेपला अंतर निम्मं, पण 10 अंश असेल तर 100 स्टेप्सनंतरही साधारण 22 टक्के अंतर शिल्लक. लिनियर कन्व्हर्जन्स (दर स्टेपला अंतर ठरावीक पटीने कमी होणं) वाचून हुरळून जाऊ नका ते यासाठी. (साधं आलटून-पालटून प्रोजेक्शन इथे जास्त वेगाने जातं, दर फेरीला कॉस स्क्वेअर थीटा.) आता त्याच रेषा समांतर करा. पॉइंट दर स्टेपला तेवढाच सरकत अनंताकडे निघतो, आणि ती सरक म्हणजे नेमकं रेषांमधलं अंतर. म्हणून इटरेट्स फुगत चालले तर कोडला शिव्या घालण्याआधी प्रॉब्लेमला सोल्यूशन आहे का ते बघा.

एवढं झालं की एडीएमएम. ते ड्युअलवर (त्याच प्रॉब्लेमच्या मल्टिप्लायरमध्ये लिहिलेल्या जोडीदार रूपावर) चालवलेलं डग्लस-रॅचफर्डच आहे हे गाबेने 1983 मध्ये दाखवलं. दोन ब्लॉकचं (व्हेरिएबल्सचे दोन गट आळीपाळीने अपडेट करणारं) चालतं म्हणून सरळ तीन ब्लॉक लावणारे खूप भेटतात, पण तसं केल्यावर डायव्हर्ज होणारं उदाहरण चेन, हे, ये आणि युआन यांच्या 2016 च्या पेपरमध्ये आहे, तेही छोट्याशा लिनियर सिस्टिमचं, त्यामुळे स्वतः चालवून बघता येतं. तीन ऑपरेटर असतील आणि त्यातला एक कोकोअर्सिव्ह (मोनोटोनपेक्षा कडक अट पाळणारा, उदा. स्मूथ कॉन्व्हेक्स फंक्शनचा ग्रेडियंट) असेल तर डेव्हिस-यिन पद्धत वाचा.

वीक की स्ट्राँग कन्व्हर्जन्स या भानगडीत सुरुवातीला पडूच नका, फायनाइट डायमेन्शनमध्ये दोन्ही एकच.