परदेशी ख्रिस्ती विद्यापीठातील एका सत्रासाठी अर्ज: सर्वांत आधी नाव तपासा

दर वर्षी नाताळची सुटी संपली की आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर एक सूचना लागते. अमेरिकेतील एका ख्रिस्ती विद्यापीठात ऑगस्ट ते डिसेंबर हे एक सत्र शिकण्यासाठी विद्यार्थी पाठवायचे असतात. शिक्षण शुल्क इथेच, नेहमीचेच भरायचे असते. प्रवास, राहणे-जेवणे आणि विमा यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्या वर्षाला असताना मी अर्ज केला, मुलाखत दिली, माझी निवड झाली आणि एप्रिलच्या मध्यावर ती जागा माझ्या हातून गेली. गुण कमी पडले नव्हते, पैशांचीही सोय झाली होती. माझ्या कागदांवर माझे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले होते, एवढेच कारण होते. पुढच्या वर्षी सगळे दुरुस्त करून मी जाऊन आले. आता त्या सूचनेविषयी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगते, ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

म्हणून पहिले काम हेच करा. सूचना लागण्याची वाट पाहू नका. आजच बाप्तिस्म्याचा दाखला, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, महाविद्यालयाच्या गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि त्यांवरचे स्वतःचे व आईवडिलांचे नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा. नुसते डोळ्यांखालून घालू नका. एका कागदावर सगळी रूपे उतरवून काढा, म्हणजे वेलांटीचा किंवा इंग्रजी नावाच्या शेवटी आलेल्या एका जादा अक्षराचा फरकही सुटणार नाही.

आपल्याकडच्या ख्रिस्ती मुलांना हे अधिक निकडीने सांगावे लागते, आणि त्याला कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला आपले ठाणे उभारले, तेव्हापासून या भागातल्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, नोंदी मराठीत होत आल्या आहेत आणि नावे मराठी बायबलातली आहेत. चर्चच्या वहीत योहान, याकोब, शलमोन, रिबका असे लिहिलेले असते. तोच मुलगा इंग्रजी शाळेत गेला की गुरुजी त्याचे जॉन, जेकब, सॉलोमन करून टाकतात, घरी कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच कायमचे छापले जाते. माझे असेच झाले. चर्चमध्ये आणि आधारवर मी रिबका याकोब, शाळेत आणि विद्यापीठात रिबेका जेकब. पासपोर्ट काढून देणाऱ्या माणसाने समोर दिसलेल्या आधारवरून अर्ज भरला आणि पासपोर्टवर रिबका आले. मला ही दोन्ही नावे तीन वर्षांपासून ठाऊक होती. परदेशी कार्यालयातून पत्र आले की पासपोर्ट एका व्यक्तीचा आणि गुणपत्रिका दुसऱ्या व्यक्तीची दिसते, दोघी एकच असल्याचे तुमच्या विद्यापीठाने लिहून द्यावे. तेव्हा आमच्याकडे परीक्षा तोंडावर आल्या होत्या. मी घाईने मराठीत प्रतिज्ञापत्र करून पाठवले, ते चालले नाही. विद्यापीठाचे पत्र हातात पडले तेव्हा मुदत उलटून चार दिवस झाले होते.

दुरुस्तीचा क्रम नीट समजून घ्या, कारण उलट क्रमाने गेलात तर दोनदा खर्च होईल. दहावीचे प्रमाणपत्र मूळ धरा. पदवीपर्यंतचे सगळे शैक्षणिक कागद त्याच्यामागून चालत येतात आणि ते बदलणे सर्वांत अवघड असते. प्रमाणपत्रावर उघड छापील चूक असेल तर ज्या शाळेतून परीक्षा दिली त्या शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत, जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीचा, उतारा जोडून, विभागीय मंडळाकडे अर्ज जातो. त्याला वेळ लागतो, तेव्हा तो सुटीत नव्हे, शाळेचे कार्यालय उघडे असताना करा. चूक नसून नावच वेगळे असेल तर शासकीय राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घ्या. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, आणि राजपत्राचे ते पान आधारसाठी, पासपोर्टसाठी, बँकेसाठी सगळीकडे कामी येते. राजपत्र हाती आले की आधी आधार, मग पासपोर्ट. छत्तीस पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे आणि तत्काळसाठी आणखी २००० रुपये पडतात. हे २००० वाचवायचे असतील तर आत्ता उठा.

चर्चच्या नोंदीचे काय करायचे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, पाळकसाहेबांनी कपाटातून कापडी पुठ्ठ्याची जाड वही काढली आणि निळ्या शाईतली माझी ओळ दाखवली: रिबका, वडील याकोब, आई मार्था, साक्षीदारांची दोन नावे आणि शेवटी तेव्हाच्या पाळकांची सही. ती ओळ खोडून नवे नाव लिहा, असे कोणत्याही पाळकांना सांगू नका. ती नोंद आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. मागायचे ते वेगळे पत्र. मंडळीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, नोंदीचा क्रमांक व दिनांक देऊन, वहीत अमुक नावाने नोंदलेली व्यक्ती आणि पासपोर्टवरील तमुक नावाची व्यक्ती एकच आहे, असे त्यात लिहिलेले असावे आणि खाली सही-शिक्का असावा. कॅथलिक मुलांनी हेच आपल्या धर्मग्रामाच्या फादरांकडून घ्यावे.

आता शिफारसपत्रे. बहुतेक ठिकाणी दोन प्राध्यापकांची लागतात, आणि काही ख्रिस्ती विद्यापीठे तिसरे पत्र पाळकांचे किंवा चर्चमधल्या जबाबदार व्यक्तीचे मागतात. प्राध्यापकांना किमान तीन आठवडे आधी सांगा, सोबत तुमच्या कामाची एक पानभर माहिती द्या, म्हणजे त्यांना ‘मुलगी अभ्यासू व गुणी आहे’ यापलीकडे काही लिहिता येईल. आणि पासपोर्टवरचे नाव त्यांना टंकलिखित करून द्या. माझ्या एका मॅडमनी मायेने पूर्ण पत्रात मला रिबी म्हटले होते. पत्र फार सुंदर होते आणि ते पुन्हा लिहून मागताना मला फार जड गेले. पाळकांचे पत्र मागताना तुम्ही संडे स्कूलमध्ये, युवक संघात किंवा उपासना संगीतात काय केले, ते तुम्हीच आठवून द्या. पाळकसाहेबांना शेकडो मुले सांभाळायची असतात.

अर्जासोबत द्यायच्या निबंधाविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण इथे आपली मुले बिचकतात, विशेषतः हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम मुले, जी आमच्या महाविद्यालयात संख्येने अधिकच आहेत. ख्रिस्ती विद्यापीठ म्हणजे सर्वत्र एकच प्रकार नसतो. १७८९ मध्ये स्थापन झालेले जॉर्जटाउन किंवा १८४२ मधले नोत्र दाम ही कॅथलिक विद्यापीठे आहेत, आणि तिथे सर्व धर्मांचे विद्यार्थी असतात, कोणी श्रद्धेचा जाहीरनामा मागत नाही. टेक्सासमधले बेलर हे बाप्टिस्ट परंपरेतले विद्यापीठ आहे, आणि तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात चॅपलची, म्हणजे सामुदायिक उपासनेच्या तासांची, दोन सत्रे असतात. इलिनॉयमधल्या व्हीटनमध्ये विद्यार्थी वर्तनाच्या एका सामुदायिक करारावर सही करतात. आपण जिथे अर्ज करतो आहोत तिथे काय अपेक्षित आहे, ते त्यांच्या विद्यार्थी नियमावलीत शब्दशः वाचा. ज्यावर सही करून ते पाळणे तुम्हाला जमणार नाही, तिथे अर्जच करू नका. निबंधात श्रद्धेविषयी प्रश्न असेल तर खरे तेच लिहा. मी ख्रिस्ती आहे म्हणून मला हे सोपे गेले असे कोणी समजू नये. माझ्या पहिल्या मसुद्यात बायबलची सहा वचने होती आणि माझे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. सरांनी तो परत केला. दुसऱ्यांदा मी आमच्या वस्तीतल्या मुलांची शनिवारची अभ्यासिका, तिथे गळणारे पत्रे आणि तिथे येणाऱ्या नऊ मुलांविषयी लिहिले. माझ्याबरोबर निवडला गेलेला मुलगा बौद्ध होता. त्याने आजोबांच्या हातचे एक पुस्तक आणि त्यातल्या समासातल्या नोंदी यांवर लिहिले होते, आणि मुलाखतीत सर्वांत अधिक चर्चा त्याच निबंधावर झाली.

विद्यापीठाच्या अधिकृत गुणतालिकेसाठी, ज्याला सगळे ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, लवकर अर्ज करा. ती बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर शिक्का मारून मिळते. ते पाकीट उत्सुकतेने उघडू नका, दोन प्रती जास्त घ्या. आणि अर्ज देताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला त्यावर छापले जाणारे नाव वाचून दाखवायला सांगा. ते वैतागतील, तरी सांगा.

परदेशी प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरतात. परीक्षेची नोंदणी करताना पासपोर्टवर आहे तेच नाव द्यायचे असते, कारण परीक्षेच्या दिवशी तोच पासपोर्ट दाखवावा लागतो. म्हणजे पासपोर्ट दुरुस्त होण्याआधी ही परीक्षा देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीने दिली आणि पुन्हा पूर्ण शुल्क भरले.

ऑनलाइन अर्ज भरताना आपले लोक आणखी एका जागी हमखास अडखळतात. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. परदेशी अर्जात पहिले, मधले आणि शेवटचे नाव असे तीन रकाने असतात. पासपोर्टवर दोनच ओळी असतात, आडनावाची आणि दिलेल्या नावाची. दिलेल्या नावाच्या ओळीत तुमच्यासोबत वडिलांचेही नाव असेल, तर ते जसेच्या तसे, दोन्ही शब्द, पहिल्या नावाच्या रकान्यात लिहा आणि मधला रकाना रिकामा ठेवा. अर्ज ज्यांनी तपासायचा आहे त्यांना आधी पत्र पाठवून विचारले तर आणखी चांगले. मनाने काही जुळवू नका.

पैशांचा पुरावा म्हणून वडिलांच्या खात्याचे विवरण आणि त्यांचे हमीपत्र लागते. इथेही वडिलांचे नाव तुमच्या पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच बँकेत आहे का, ते पाहा. माझ्या वडिलांचे खाते जेकब नावाने होते. बँकेला महिनाभर लागला. घरची परिस्थिती बेताची असेल तर इथल्या शिष्यवृत्त्याही बघा. ख्रिस्ती हा अधिसूचित अल्पसंख्याक समाज असल्याने त्या योजनांचा लाभ मिळू शकतो, मात्र तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो.

लसीकरणाचे कार्ड शोधा. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. कार्ड हरवले असेल तर डॉक्टरांना भेटा, ते रक्ततपासणी करून किंवा पुन्हा लस देऊन दाखला देतात.

निवड पक्की झाल्यावर तिकडच्या विद्यापीठाकडून डी.एस.-२०१९ हा व्हिसासाठी लागणारा कागद येतो. तो आला की पाच मिनिटे शांत बसून त्यावरचे नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव तपासा, आणि चूक असेल तर त्याच दिवशी कळवा. मग २२० डॉलरचे सेव्हिस शुल्क, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीचे शुल्क, डी.एस.-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतली व्हिसाची मुलाखत. पावत्या छापून ठेवा. मुलाखतीत काय शिकणार, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार, एवढे सरळ सांगता आले की पुरते.

विमा सक्तीचा आहे, आणि तो प्रत्येक आजारासाठी किंवा अपघातासाठी निदान एक लाख डॉलरचे संरक्षण देणारा हवा. विद्यापीठाचा विमा घेणार की बाहेरचा, हे आधी विचारा. सत्र सुरू होण्याच्या तीस दिवसांहून अधिक आधी देशात प्रवेश देत नाहीत, तिकीट त्या हिशेबाने काढा. थंडीचे कपडे तिकडेच घ्या. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढा, एक घरी आणि एक हातातल्या पिशवीत ठेवा. मूळ कागद सामानात टाकू नका. तिकीट एजंटकडून काढत असाल तर पैसे देण्याआधी त्याच्या पडद्यावरचे नाव पासपोर्ट समोर धरून वाचा.